अप्रेंटिसला जाणाऱ्या भाचीसाठी घेतलेले सेफ्टी शूज, आणि बजाजनगरचं ते दुकान

आधी निकाल सांगते. बूट चांगले आहेत, दुकान त्याहून चांगलं आहे, आणि ज्यांची पोरं यंदा आयटीआयच्या ओजेटीला (कंपनीतलं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग), डिप्लोमाच्या इन-प्लांटला किंवा अप्रेंटिसला कंपनीत जाणारेत त्यांनी बाकी खरेदी नंतर करा पण पायातले बूट बघून घ्या. मी स्वतः छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे, रोज शॉप फ्लोअरवर असते, त्यामुळे हे सगळं ऐकीव नाही.

भाचीचा मशिनिस्ट ट्रेड. तिला इथल्याच एका व्हेंडर कंपनीत अप्रेंटिस मिळाली, मशीन शॉप, म्हणजे व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन), दोन-तीन जुने लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून कापायचं मशीन), एक रेडियल ड्रिल आणि भिंतीपलीकडे प्रेस शॉप (पत्रा दाबून कापायचा-वाकवायचा विभाग). कंपनीने पहिल्याच दिवशी सांगितलं की बूट मिळतील पण लहान साइझ स्टोअरला नाही, सहा नंबरच्या खालचं काही येत नाही, तोवर घरून घालून ये. भाचीचा पाय चार नंबरचा. दादाने लगेच ऑनलाइन मागवले, चारशेच्या आतले, बॉक्सवर मोठ्ठं 'सेफ्टी' लिहिलेलं, बाहेर लाल दोरे, दिसायला एकदम झकास. मी हातात घेतले, आत बघितलं, बुटाच्या जिभेवर (लेसखालची पट्टी) बघितलं, तळव्यावर बघितलं, कुठेच आयएसआयची खूण नाही, स्टँडर्डचा नंबर नाही, कधी बनवला त्याचा पत्ता नाही. पुढची टोपी (बोटांवरचं कडक कवच) अंगठ्याने दाबली तर चक्क आत जात होती. दादा म्हणाला, "अगं बूट ते बूट, वर्षभराचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं परत कर, आणि भाचीला घेऊन बजाजनगरला गेले.

(ब्रँडचं नाव इथे टाकत नाही, मुद्दामच. बाजारात बाटा, लिबर्टी, हिलसन, करम, अॅलन कूपर असे बरेच जण सेफ्टी शूज बनवतात आणि प्रत्येकाची दहा-दहा मॉडेल असतात, एकाच ब्रँडचं एक मॉडेल तुमच्या कामाचं असतं आणि दुसरं नसतं. नाव बघून घेऊ नका, जिभेवरची चिठ्ठी वाचून घ्या.)

दुकान म्हणजे साधं हार्डवेअर आणि सेफ्टीचं, पुढे बोल्ट, ड्रिल बिट, ग्राइंडिंग व्हील, मागे बुटांचे बॉक्स छतापर्यंत. दुकानदार काकांनी साइझ विचारायच्या आधी विचारलं, "कुठल्या शॉपला जाणार पोरगी? मशीन शॉप, प्रेस, वेल्डिंग, फाउंड्री?" मला तिथेच माणूस आवडला. कारण ह्या एका प्रश्नावर सगळं ठरतं. वेल्डिंगला किंवा फाउंड्रीला जाणार असेल तर नायट्राइल रबरचा सोल पाहिजे, गरमीला टिकतो, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल तिथे वितळतो, आणि फाउंड्रीत लेसवाले बूट नकोतच कारण वितळलेला धातू उडाला तर लेसमध्ये अडकून बसतो आणि बूट झटकन काढता येत नाही. मशीन शॉपला पीयू चालतो, हलका असतो, दिवसभर उभं राहायचं असतं ना, आणि ऑइलला बरा टिकतो. पीव्हीसीचा सोल स्वस्त पडतो पण कडक असतो आणि कूलंट (मशीनवर सोडतात ते थंड करणारं पाणी-तेल) सांडलेल्या फरशीवर मला त्याचा भरवसा वाटत नाही. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांनी तर वेगळं विचारायचं, अँटिस्टॅटिक लिहिलेला बूट म्हणजे करंटपासून वाचवणारा बूट असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते साफ चुकीचं आहे, उलट अँटिस्टॅटिक बूट अंगातला चार्ज जमिनीत जाऊ देतो.

मग काकांनी दोन बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. दिसायला सारखेच, काळे, लेसवाले. एकावर आयएस १५२९८ भाग २, दुसऱ्यावर भाग ४. किमतीत शंभर-दीडशेचा फरक. भाग २ म्हणजे खरा सेफ्टी शू, पुढच्या टोपीने २०० जूलचा मार झेलला पाहिजे, म्हणजे ढोबळ मानाने २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं शाबूत. भाग ३ ला १०० जूल. भाग ४ ला टोपीच नसते, तो ऑक्युपेशनल शू, स्टोअर, पॅकिंग, फिरतीच्या कामाला ठीक. गंमत अशी की तिन्हींवर आयएसआय असू शकतं आणि तिन्ही खरेच असतात, त्यामुळे "आयएसआय आहे ना" एवढं विचारून भागत नाही, भाग कितवा ते विचारा.

हे जूल-बिल कशाला सांगतेय ते बघा. भाचीच्या शॉपमध्ये लेथचं २०० एमएमचं थ्री-जॉ चक (जॉब पकडून फिरवणारा तीन जबड्यांचा भाग) आहे, ते १५ किलोच्या आसपास भरतं. चक बदलताना दोघांनी धरायचं असतं, खाली लाकडी फळी टाकायची असते, पण घाई असते आणि नवीन पोराला सांगतात "धर रे". ते कमरेएवढ्या उंचीवरून, समजा ९० सेंटिमीटरवरून सुटलं तर १३० जूलच्या वर मार बसतो. १०० जूलच्या बुटात बोटांचं काय होईल सांगता येत नाही, २०० वाल्यात भाची उठून चालेल. दादाला हा हिशोब फोनवर सांगितला तेव्हा पैशाचं बोलणं तिथेच संपलं.

आम्ही घेतला तो भाग २, त्यावर एस१पी हा वर्ग लिहिलेला आहे. पी म्हणजे तळव्यात खिळा किंवा चिप (मशीनवर निघणारा धातूचा कीस) घुसू नये म्हणून पत्रा किंवा जाड कापडी थर असतो, तो ११०० न्यूटनपर्यंत टोचू देत नाही. लेथखाली वळ्यावळ्यांच्या धारदार चिप्स पडलेल्या असतात, त्यांच्यासाठी हे लागतंच. पाण्यात काम असेल तर एस२ किंवा एस३ बघा, एस३ मध्ये पाणी पण आणि खिळा पण. टोपी स्टीलची आहे. फायबरची कंपोझिट टोपी पण मिळते, तीही २०० जूलचीच, वजनाला हलकी, पण चार नंबरात काकांकडे नव्हती आणि महाग पडत होती. टोपी कुठलीही असो, एकदा जोरात काही पडलं की तो बूट बाद, वरून चांगला दिसला तरी. हे भाचीला दोनदा सांगितलं.

आता साइझचं. पोरींच्या बाबतीत सगळं इथेच अडतं आणि ह्याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपन्यांच्या स्टोअरमध्ये बूट येतात ते सहा-सात ते दहा नंबर. मुलगी आली की स्टोअरवाला म्हणतो सहा घे, दोन मोजे घाल. मी हे किती पोरींच्या बाबतीत बघितलंय. दोन मोजे घालून पाय लांबीला भरतो पण टाच आत वरखाली होते, जिना उतरताना, पॅलेट ओलांडताना पाय बुटाच्या आधी वळतो. शिवाय टोपी भलत्याच जागी येते, बोटं टोपीच्या मागे राहतात आणि टोपीची कड बरोबर बोटांच्या सांध्यावर, म्हणजे वाकताना रोज घासणार आणि वजन पडलं तर टोपीच्या मागच्या कडेचा मार. चपलेसारखं "वापरून वापरून सैल होईल" हेही इथे चालत नाही, चामडं सैल होतं, स्टीलची टोपी होत नाही. म्हणून घट्ट घेऊ नका आणि सैलही घेऊ नका. काकांनी भाचीला संध्याकाळी यायला सांगितलं होतं, दिवसभरात पाय थोडा सुजतो म्हणून, आणि कंपनीत घालणार तेच जाड सुती मोजे घालून. बूट घालून टाच मागे टेकवून उभं केलं, गुडघ्यावर बसवलं, पंजावर उचलवलं, दुकानाच्या पायऱ्या चढउतार करवल्या. चार नंबर पुढून ठीक पण रुंदीला जरा ढगळ, कारण साचा पुरुषांच्या पायाचा असतो, मग वेगळा इनसोल टाकला आणि बसला बरोबर.

मिळायला मात्र आठवडा लागला, चार नंबर ऑर्डर देऊनच येतो. पाच नंबर त्यांच्याकडे असतो, तीन-चार नसतो. हा दुकानाचा दोष म्हणावा की बनवणाऱ्यांचा, मला बनवणाऱ्यांचा वाटतो. आयटीआयला मुली येताहेत, मशीन चालवताहेत, आणि त्यांच्या मापाचा बूट अजून 'ऑर्डर देऊन' मिळतो ह्याचा मला खरंच राग येतो.

अजून एक गोष्ट काकांनी स्वतःहून दाखवली जी मला क्वालिटीत असून माहीत नव्हती. पीयूचा सोल नुसता ठेवून ठेवून पण खराब होतो, हवेतल्या दमटपणाने आतून पिठासारखा भुसभुशीत होतो आणि एक दिवस घातल्यावर चालता चालता तुकडे पडतात. म्हणून बूट कधी बनला ते बघायचं, बुटावरच छापलेलं असतं. सेलमधला तीन-चार वर्षं पडून असलेला नवाकोरा बूट घेऊ नका. आणि आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल म्हणून लायसन नंबर असतो, तो मोबाइलवर बीआयएस केअर अॅपमध्ये (आयएसआयची खूण देणाऱ्या सरकारी संस्थेचं अॅप) टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन चालू आहे का ते दिसतं. आमच्यासमोर टाकून दाखवला. परत केलेल्या ऑनलाइन बुटावर टाकायला नंबरच नव्हता.

सोबत घेतलं ते थोडक्यात. गॉगल, आयएस ५९८३ वाला, बाजूला शील्ड असलेला. भाचीला नंबरचा चष्मा आहे, तर चष्म्यावरून बसणारा घेतला, नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, त्याला बाजू उघड्या असतात आणि चिप बाजूनेच येते. पावसाळ्यात धुकं येतं आतून, तेवढी तक्रार आहे. इअर प्लग दोरीवाले, प्रेस शॉप शेजारी आहे म्हणून. आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे आणि प्रेसच्या बाजूला उभं राहून शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं म्हणजे समजून जा.

आणि हँडग्लोव्हज. मी मागितले, काकांनी दिले नाहीत! म्हणाले, "ताई, लेथवर आणि ड्रिलवर ग्लोव्हज घालायला मी देणार नाही, जॉब लोड-अनलोड करायला घ्या, मशीन फिरताना काढायचे." शंभर टक्के बरोबर. फिरत्या चकमध्ये ग्लोव्हचं टोक अडकलं की सोबत हात जातो, हातमोजे तिथे वाचवत नाहीत, ओढून नेतात. चिप्स हाताने काढायच्याच नाहीत, हुकने नाहीतर ब्रशने, तेही मशीन बंद करून. हीच गोष्ट ओढणीची, सैल बाहीची, वेणीची, मनगटातल्या दोऱ्याची, कड्याची, अंगठीची. आणि गळ्यातलं आयकार्ड! कंपनीच देते, कंपनीच गळ्यात घाला म्हणते, आणि पोरगी ड्रिलवर वाकली की पट्टी लोंबकळते. भाचीला सांगितलं, मशीनजवळ आयकार्ड खिशात, पट्टी शर्टच्या आत. दुकानात झटक्याने सुटणारी पट्टी पण मिळते, तीस-चाळीस रुपयांची, ती घेतली. गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभं असताना नको म्हणणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला आणि मुख्यतः त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसले.

बूट हाताची बोटं वाचवत नाहीत हेही लिहून ठेवते, कारण बूट-गॉगल घातला की घरचे निर्धास्त होतात. सेफ इन इंडिया नावाची संस्था ऑटो सेक्टरमधल्या अपघातांवर २०१९ पासून अहवाल काढते, त्यात बोटं जाण्याच्या बाबतीत पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात ती ह्याचसाठी, की दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्ट्रोक येऊच नये. प्रॉडक्शन वाढवायला कुठेकुठे एक बटण टेप लावून दाबून ठेवतात, सेन्सर बायपास करतात. भाचीला मी स्वच्छ सांगितलंय, असं मशीन दिसलं तर बसायचं नाही, सुपरवायझर ओरडला तरी नाही, मला फोन कर. नवीन पोरं ओरड्याला घाबरतात आणि "मला येत नाही" म्हणायला लाजतात, त्यात त्यांची बोटं जातात. पहिल्या दिवशी इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे, फर्स्ट एड बॉक्स कुठे आहे, आणि लागलं तर कोणाला सांगायचं, हे तीन प्रश्न विचारायला पोराला घरूनच तयार करून पाठवा.

आता पैशाचं. बूट साडेसातशेच्या आसपास पडले, गॉगल, प्लग, इनसोल, पट्टी धरून हजारावर. पक्कं बिल घेतलं, भाचीच्या नावाने, का ते सांगते. हे बूट खरं तर कंपनीने द्यायचे असतात आणि फुकट. अप्रेंटिस अॅक्ट १९६१ चं कलम १४ बघा, कारखान्यात शिकणाऱ्या अप्रेंटिसला फॅक्टरी अॅक्ट १९४८ ची आरोग्य, सुरक्षा आणि वेल्फेअरची प्रकरणं कामगारासारखीच लागू केली होती (नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी अॅक्टच्या जागी ओएसएच कोड आला). अप्रेंटिस कामगार नाही, ट्रेनी आहे, हे वाक्य कंपन्या पगाराच्या वेळी बरोबर सांगतात, कलम १८ आहेच तसं, पण सुरक्षेच्या बाबतीत तो कामगाराच्या बरोबरीनेच धरलाय हे सांगत नाहीत. कलम १६ प्रमाणे ट्रेनिंगमध्ये इजा झाली तर भरपाईही कंपनीवर. आणि फॅक्टरी अॅक्टच्या कलम ११४ मध्ये होतं, कायद्याने द्यायच्या सोयी-साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या ओएसएच कोडमध्येही (कामाच्या जागेवरच्या सुरक्षा-आरोग्याचा कायदा) सुरक्षेच्या गोष्टींचा खर्च कामगारावर टाकायचा नाही असंच आहे. तर बिल घेऊन भाची एचआरला गेली, सोबत साध्या मराठीत अर्ज, की स्टोअरला माझा साइझ नसल्याने मी घेतले, रक्कम मिळावी. भांडण नाही काही नाही. पुढच्या स्टायपेंडसोबत पैसे आले, आणि स्टोअरने चार-पाच नंबरची ऑर्डर पण टाकली असं कळलं, म्हणजे पुढच्या बॅचच्या पोरींचं काम झालं.

डिप्लोमाची पोरं जी कॉलेजच्या पत्रावर काही आठवडे जातात त्यांचं जास्त अवघड आहे. त्यांचं अप्रेंटिसचं काँट्रॅक्ट नसतं, ती धड कंपनीची नाहीत, त्यामुळे कॉलेज आणि कंपनीच्या पत्रात बूट-गॉगल कोण देणार आणि विमा कोणाचा, हे लिहून घेतल्याशिवाय पोर पाठवू नका. कॉलेजला विचारायला संकोच करू नका. १८ च्या आतली पोरं असतील तर अजून एक, चालू मशीनची सफाई किंवा ऑइलिंग त्यांना करायला लावायचं नाही हे जुन्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम २२ मध्ये होतं, आणि धोकादायक मशीनवर पूर्ण माहिती, शिवाय ट्रेनिंग किंवा जाणकाराची देखरेख, ह्याशिवाय उभं करायचं नाही हे कलम २३ मध्ये. "जरा पुसून घे रे तेवढं, चालू आहे तोवर" हे वाक्य मी शॉपवर ऐकलंय म्हणून सांगते.

बूट वापरून कसे आहेत? पहिला आठवडा करंगळीला चावले, टेप लावून घातले, मग बसले. सोल अजून घट्ट आहे, कूलंटवर घसरले नाहीत, शिवण धड आहे. वजन जाणवतं, जोडी किलोच्या वर आहे, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात असं म्हणते. मूळचा इनसोल पातळ होता, तो आम्ही बदललाच होता. पंजाच्या घडीवर चामड्याला बारीक रेघा पडल्यात, त्या चालायच्या. पावसात भिजले की आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवायचे, उन्हात किंवा गॅसजवळ नाही, चामडं तडकतं. आणि बसमधून येता-जाता घालायचे नाहीत, कंपनीच्या लॉकरला ठेवायचे, त्याने जास्त टिकतात.

बुटांना पाचपैकी चार, एक वजनाचा आणि इनसोलचा कापला. दुकानाला पाच. लहान साइझ पाहिजे असेल तर जॉइनिंगच्या दहा-पंधरा दिवस आधी जाऊन ऑर्डर टाका, जाताना ट्रेड कुठला आणि शॉप कुठलं ते पोराकडून विचारून जा, आणि पोराला सोबत न्या, काका पाय बघितल्याशिवाय बूट देत नाहीत. रविवारी संध्याकाळी गर्दी असते.